तिसऱ्या रोडग्याआधीची वीस मिनिटं

तीन वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावानं, मला भर पंगतीत विचारलं होतं, "जवाई, पोट हाय का कोठी?" मेडशीजवळच्या त्याच्या शेतात दरवर्षी रोडग्यांचं जेवण असतं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे, ते चुरून वर वरण, तूप आणि सोबत वांग्याची भाजी. मी पाचवा रोडगा मागितला, एवढाच माझा गुन्हा. सगळे हसले. सगळी पंगत एकत्रच उठायची असते, ही रीतही न पाळता मी ताडकन उठलो आणि पुन्हा त्या शेतात पाऊल टाकलं नाही.

एकेकाळी रिसोडच्या बाजारात मेथीची टोपली घेऊन बसणारा मी आज भाजीचा ठोक व्यापार करतो. घासाघिशीत मी कुणाला हार जात नाही. पण यंदा डॉक्टरपुढे हरलो. साखर वाढली होती. "महिनाभरात खाणं आवरा, नाहीतर इन्सुलिनची सुई सुरू करू," ते म्हणाले. मी दोन महिने मागितले. ते दीडवरही आले नाहीत. सुईला मी किती घाबरतो, हे फक्त बायकोला माहीत आहे.

मग मी युक्ती काढली. जेवणाआधी तांब्याभर पाणी प्यायचं. पोट टम्म व्हायचं, दोन पोळ्यांत हात धुवायचो. तासाभरानं मात्र दुकानात चिवडा, फुटाणे, केळी, जे हाती लागेल ते. आठवड्यानं चिवड्याची पिशवी सूनबाईला सापडली. ती दवाखान्यात नर्स आहे.

"मामाजी, पाण्यानं पोट ताणते, अन् ताणलं का नस मेंदूले सांगते, भरलं म्हणून. पण पाणी लवकर उतरून जाते. भुकेचं हार्मोन नुसत्या ताणानं खाली बसत नाही. अन्न आतड्यात पोचलं का मग ते कमी होते, अन् 'पुरे' म्हणणारी दुसरी हार्मोन्स सुटतात. त्याले पंधरा-वीस मिनिटं तरी पाह्यजे."

"म्हणजे मी पाणी मारलेली मेथी विकून राह्यलो?"

"हो. अन् गिऱ्हाईक बी तुमीच."

मी भडकलो, पण गोष्ट पटली. पाणी मारून जुडीचं वजन वाढवणाऱ्याला मी दारात उभा करत नाही. त्या दिवसापासून ठरवलं : खरं अन्न सावकाश खायचं, दोनवर थांबायचं, वीस मिनिटं बसायचं, मगच पुढचं मागायचं. बहुतेक वेळा मागावंच लागत नसे.

महिना संपायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मेहुण्याचं आवतण होतं. "या वर्षी नाही आलात तर मी एकटी जाईन," बायको म्हणाली. गेलो. सोमवारी तपासणी होती, आणि समोर तुपात भिजलेला रोडगा.

दोन सावकाश खाल्ले. मेहुणा स्वतः परात घेऊन आला.

"घ्या जवाई, तिसरा."

"थांबा. वीस मिनिटांनी सांगतो."

"काहून? मुहूर्त हाय का?"

"आतड्यातून निरोप यायचा हाय."

लोक हसले, या वेळी माझ्या बाजूनं. माझ्यासकट पंगत बसून राहिली, कारण मी उठल्याशिवाय कुणाला उठता येईना. दुसरी पंगत झाडाखाली ताटकळत उभी. मेहुणा दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा हात जोडून म्हणाला, "भाऊ, घ्या नाहीतर उठा! मानसं उपाशी हायेत."

मी घड्याळ पाहिलं. मन परातीकडे धावत होतं, हे खोटं सांगणार नाही. पण हळूहळू ती ओढ गेली. रोडगा समोर होता आणि मला तो नको होता. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

"नको," म्हणालो आणि उठलो.

निघताना त्यानं घरी न्यायला तीन रोडगे बांधले. मी पाच घेतले, सूनबाईला आवडतात. सोमवारी डॉक्टरांनी कागद पाहिला आणि सुई पुढं ढकलली. मी तिथंच उभ्याउभ्या बायकोला फोन लावला.

कोठी हा शब्द मात्र मेहुण्यानं अजून मागं घेतलेला नाही. पुढच्या वर्षी मी पुन्हा जाणार आहे, आणि वीस मिनिटं पूर्ण बसणार आहे.