खडूची रेघ

"हुंगा, सर. तोंड हुंगा." शाळेतल्या शेवटच्या महिन्यात मामा असं म्हणत भेटेल त्याच्यासमोर चेहरा पुढे करायचे. लोक हसून मागे सरायचे. मीही एकदा सरलो आहे.

उंद्रीच्या आमच्या शाळेत ते शिपाई होते, मी गणित शिकवतो. पोरं त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्ही मास्तरही. पंचशील नुसतं म्हणणारा नव्हे, पाळणारा माणूस. पोरीच्या लग्नात पिऊन आलेल्या सख्ख्या साडूला त्यांनी मांडवाबाहेर काढलं होतं, तेव्हा मी तिथेच होतो. साखरेचा आजार पंधरा वर्षांचा. गोळी कधी चुकली नाही. स्टाफरूममध्ये पेढे आले की म्हणायचे, "मले वास चालते, पेढा नाई चालत."

मग त्यांची चाल बदलली. पाय फाकवून, जमिनीकडे बघत, भिंतीला हात लावत चालायचे. असा माणूस तुम्हीही बाजारात पाहिला असेल आणि मनातल्या मनात एकच निदान केलं असेल. एकदा त्यांची एक चप्पल व्हरांड्यात सुटली आणि ते तसेच वीस पावलं पुढे गेले. मी हाक मारली. खाली बघून म्हणाले, "हे कवा निंघाली?" हा किस्सा मी स्टाफरूममध्ये नक्कल करून सांगितला. सगळे पोट धरून हसले. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

एका सकाळी प्रार्थनेला 'डोळे मिटा' झालं. मामांनीही मिटले आणि उभ्या उभ्या कोसळले. पोरं हसली. मागून एक शिक्षक पुटपुटले, "सकाळीच?"

मुख्याध्यापकांनी त्यांना व्हरांड्यात नेलं, फरशीवर खडूने लांब रेघ ओढली आणि म्हणाले, "यावरून चाला." सगळ्या वर्गांच्या खिडक्या भरल्या. मामा तीन पावलं नीट चालले. चौथं बाहेर पडलं आणि त्यांनी माझा खांदा धरला. "दारू पेलो नाई मी, सर. पाय कुठं पडून राह्यला तेच समजत नाई."

"तुमच्या वस्तीत हे काही नवीन नाही," मुख्याध्यापक म्हणाले. आम्ही अकरा शिक्षक उभे होतो. एकानेही तोंड उघडलं नाही.

महिनाभर चौकशी चालली. 'मद्यप्राशन करून शाळेत आले' असा कागद सह्यांसाठी फिरला. माझी सही चौथी. पेन माझ्याकडे आला आणि मी सही केली, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. मामांना घरी बसवलं.

संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. आवाज चढवला नाही. "बाकीच्याइचं सोडा. तुमाले त माहीत व्हतं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चिखलीला एका डॉक्टर बाईंकडे नेलं. बाईंनी आधी चप्पल काढायला सांगितली. टाचेत एक ड्रॉइंग पिन रुतलेली होती, भोवती पू झालेला. मामांना पत्ताच नव्हता. मग बाईंनी आमच्या विज्ञानाच्या कपाटात असतो तसा नादकाटा वाजवून त्यांच्या अंगठ्यावर टेकवला.

"थरथर कळते का?"

"कायची थरथर?"

बाईंनी समजावलं. जुन्या साखरेने पायांच्या नसा निकामी झाल्यात. पाय कुठे टेकला ते पायाला कळत नाही. डोळे बघतात म्हणून तोल राहतो. डोळे मिटले की माणूस पडतो.

मामांना रडू आलं नाही, राग आला. "पंधरा वर्षं दर खेपेले बोट टोचलं, गोळ्या देल्ल्या. मले चप्पल काढ म्हून कोनं काऊन नाई सांगतलं?" बाई जखम धूत राहिल्या.

रिपोर्ट वाचून मुख्याध्यापकांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. मामांना परत बोलावलं, पण 'मद्यप्राशनाबद्दल सक्त ताकीद देऊन'.

"हा एक शब्द खोडा, सर," मामा म्हणाले.

"कामावर घेतलं ना? मग झालं."

"मंग घंटा तुमीच वाजवा."

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मामा बीबी गावाला लेकीकडे निघून गेले.

मी खोट्या कागदावर सही केली असं पत्र लिहून मी बीबीला गेलो. जावयाने अंगणात कमरेच्या उंचीवर दोन आडवे बांबू बांधले होते. त्यांना धरून मामा चालत होते. फेरी पुरी करून बसले, पत्र वाचलं आणि परत दिलं.

"मले काऊन देता? मी पेलो नाई हे मले माहीत हाये. पोरं हसले न, त्याइच्यासमोर वाचा."

सोमवारी प्रार्थनेनंतर मी ते वाचलं. मुख्याध्यापकांनी माईक काढून घेतला, तेव्हा उरलेलं ओरडून वाचलं. मलाही नोटीस मिळाली. दुपारी मामांना फोन लावला.

"पोरं हसले का?"

"नाही, मामा."

"अन् तो शब्द? खोडला?"

"नाही."

"मंग तुमचं काम बाकी हाये," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांच्या जागी आता नवा माणूस आहे. तो शब्द खोडावा म्हणून मी दर महिन्याला संस्थेकडे अर्ज करतो. आजही एक देऊन आलो.