पोरसाहेबाची भांजगड

तापीच्या अल्याड-पल्याड मिळून आमच्या सगळ्या मुलखात अजिबात खोटं न बोलणारा मी एकच माणूस पाहिला, आणि तोही आम्हाला बोटीने बाहेरून आणावा लागला. जर्मनीशी झालेली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. विलायतेच्याही वर, बर्फाच्या कुठल्याशा देशातून तो आपखुशीने धर्मसेवेला म्हणून शहाद्याच्या मिशन बंगल्यात येऊन उतरला. वय बावीस-तेवीस, मिशी अजून यायची की नाही या विचारात. बंगल्याचे मुख्य पाद्री म्हणजे पांढऱ्या दाढीचे 'मोठे साहेब', त्यामुळे हा आपोआपच 'पोरसाहेब' झाला. दोन वर्षं उमेदवारी करायची आणि ती नीट पार पडली तर कायमचं राहायचं, असा त्याचा करार होता. त्याला इथेच राहायचं होतं. डोंगरात धडगावकडे शाळा काढायची, हे त्याने पहिल्या आठवड्यातच मला सांगून टाकलं होतं, तेव्हा त्याला मराठीत 'शाळा' आणि 'डोंगर' एवढे दोनच शब्द येत होते. मी त्याला मराठी शिकवायला ठेवलेला मास्तर. मी काही ख्रिस्ती नव्हे. बंगल्यावरून घरी आलो की आई मला अंगणातच आंघोळ करायला लावी. मिशनच्या पगारावर मात्र तिने कधी पाणी शिंपडलं नाही.

त्याच्या तऱ्हा किती सांगाव्यात! पौष महिन्यात, आम्ही शेकोटीतून हात बाहेर काढत नव्हतो तेव्हा, हा विहिरीवर उघडा उभा राहून घागरीमागून घागर डोक्यावर ओती आणि वर शीळ घाली. सुताराचा मुलगा होता, त्यामुळे कुणाच्या गाडीचं चाक कुरकुरलं की हा रस्त्यातच आडवा होई आणि गाडीवान नको नको म्हणत असताना आख काढून बसे. उन्हाची टोपी मिशनने सक्तीची केली होती. ती तो डोक्यावर कमी आणि बाजारातून लिंबं आणायला जास्त वापरी. पण हे सगळं लोकांनी पोटात घातलं असतं. त्याचं खरं बोलणं पोटात घालणं कठीण. एकदा मी हट्टाने त्याला घरी जेवायला नेला. आईने त्याला लांब ओसरीवर पान वाढलं, पण वाढलं मनापासून. कारल्याची भाजी होती. त्याने घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी शिकवलेल्या पुस्तकी मराठीत तो म्हणाला, "आई, ही भाजी फार वाईट आहे. कृपया मला आणखी वाढा, मी शिकतो." आई आधी फणकारली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. "हाऊ धव्या खोटं बोलत नही वं माय," गोऱ्या पाहुण्याकडे बोट दाखवत ती शेजारणीला म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिच्या लेखी तो घरचाच झाला. त्याच्या देशात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हे मात्र तिला शेवटपर्यंत पटलं नाही. "दिन बुडत नही ते लोके जेवतस कवय?" लोक जेवतात कधी, हा तिचा प्रश्न, आणि तो बिचारा प्रत्येक वेळी विचार करून नव्याने उत्तर देई.

धर्मप्रचारात तर या गुणाने त्याने कहर केला. बाजाराच्या दिवशी मोठे साहेब भाषण करत, मग यालाही उभं करत. एका गुजर शेतकऱ्याने सरळ विचारलं, "तुन्हा देवले मानं ते पानी पडी का?" दुसरा कुणी असता तर आकाशाकडे बोट दाखवून वेळ मारून नेली असती. पोरसाहेब म्हणाला, "ते मला माहीत नाही." लोक खूश झाले, मोठ्या साहेबांनी कपाळावर हात मारला. मोठे साहेब कडक होते, पण वाईट नव्हते. मोहाच्या दारूने घरं कशी बसतात हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हणून मिशनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला, काळा असो की गोरा, हात वर करून शपथ घ्यावी लागे की दारूचा थेंब शिवणार नाही. शपथ मोडणारा बाहेर. त्या नियमाने त्यांनी आपल्या हाताने बाप्तिस्मा दिलेली माणसंही बाहेर काढली होती, आणि त्यानंतर दोन-दोन दिवस जेवले नव्हते.

उमेदवारीचे शेवटचे काही आठवडे उरले असताना आम्ही डोंगरात दौऱ्यावर निघालो. पोरसाहेब, मी, औषधांची पेटी लादलेलं एक तट्टू आणि वाट दाखवायला वेस्ता. वेस्ता हा डोंगरातलाच भिल्ल, मिशनचं सामान वाहणारा, अबोल आणि भरवशाचा. धडगाव मागे टाकून मोलगीच्या अंगाला एका पाड्यावर तो आम्हाला मुद्दाम घेऊन गेला, कारण त्या पाड्यावरच्या एका घरात त्याच्या मुलीची सोयरीक ठरली होती. गोरा साहेब आपल्याबरोबर येतो हे होणाऱ्या व्याह्याला दाखवायची त्याला हौस होती. त्या हौसेनेच घात केला.

आम्ही दुपारी पोचलो. वेस्ता व्याह्याला बोलवायला घरात गेला, मी सावली बघून बसलो, आणि पोरसाहेबाने तट्टू बांधायला जागा शोधली. अंगणाच्या कडेला एक लाकडी खांब होता, वर काहीतरी कोरलेलं. सुताराच्या पोराला तो चांगला वाटला असणार. त्याने दोर त्याला गुंडाळला. मी ओरडेपर्यंत कुठूनसं एक कुत्रं तट्टाच्या पायात आलं, तट्टू उसळलं, आणि खांब बुडासकट उखडून मातीत आडवा झाला. तो खांब व्याह्याच्या मेलेल्या बापाच्या नावाने रोवलेला होता. त्याच्यापुढेच नवं धान्य ठेवत, त्याच्यापुढेच नवस बोलत. घरातून एक म्हातारी बाहेर आली, तिने पाहिलं, आणि तिने जो हंबरडा फोडला तो अजून माझ्या कानात आहे. तिचा नवराच जणू दुसऱ्यांदा पडला होता.

बघता बघता टेकडीटेकडीवरून माणसं उतरू लागली. कुणाच्या खांद्यावर कुऱ्हाड, कुणाच्या हातात तिरकमठा. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. येत आणि गोल करून गप्प बसत. आरडाओरडा झाला असता तर मला बरं वाटलं असतं. मला घरी आईने केलेले सगळे नवस एकदम आठवले. वेस्ता होणाऱ्या व्याह्यापुढे हात जोडून बसला. पाहुणा त्याने आणलेला, तेव्हा पाहुण्याची चूक ती त्याची चूक. पोरसाहेब एकटाच उभा होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "मास्तर, त्यांना सांगा की चूक माझी आहे. मी नवीन खांब करून देतो, यापेक्षा चांगला." मी म्हटलं, "साहेब, कृपा करा, चांगला हा शब्द काढू नका."

मग भांजगड बसली. भांजगड म्हणजे डोंगरातला पंचांचा निवाडा. पाड्याचा कारभारी म्हातारा होता, डोळ्यात फूल पडलेलं, आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढे वाकावं लागे. त्याने सगळं ऐकलं आणि आपल्या बोलीत निवाडा दिला. मी जेमतेम समजत होतो, बाकीचं वेस्ताने सांगितलं. बकरा वेस्ता देईल. खांब ज्याने पाडला तोच रोवेल. आणि रोवण्याआधी पाडणाऱ्याने मेलेल्या म्हाताऱ्याला मोहाची धार सोडायची आणि उरलेली त्याच घरच्या माणसांबरोबर बसून प्यायची. मेलेला आणि पाडणारा एकत्र प्याले की राग संपला. नाही प्याले तर राग राहिला, आणि राग राहिलेल्या घरात मुलगी द्यायची नाही, घ्यायची नाही.

व्याह्याने पळसाच्या पानांचा द्रोण भरून पोरसाहेबापुढे ठेवला. पहिल्या धारेची दारू, वास माझ्यापर्यंत येत होता. वेस्ता माझ्या कानाशी आला. "मास्तर, साहेब नही पिना ते मन्ही पोरनी सोयरीक तुटी जाई. तिले मंग कोन करी?"

आता वेळ मारून नेणं हा तर माझा हातखंडा. मी उठलो, हात जोडले आणि कारभाऱ्याला म्हणालो, की साहेबाच्या पोटात जुनं दुखणं आहे, दारू लागली तर तो मरेल, तेव्हा त्याच्या वतीने मी धार सोडतो आणि वेस्ता पिईल. कारभाऱ्याने मान डोलावली. त्याला पटत आलं होतं! व्याह्याचाही चेहरा सैल झाला. आणि तेवढ्यात माझा विद्यार्थी, ज्याला मी दोन वर्षं खपून मराठी शिकवलं, तो स्पष्ट उच्चारांत म्हणाला, "मास्तर खोटं बोलत आहेत. मला काहीही दुखणं नाही."

धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मी त्या दिवशी मनापासून म्हटलं. गोलातले दोघेतिघे उठून उभे राहिले. कारभाऱ्याने नुसता हात आडवा धरला तेव्हा ते थांबले, पण बसले नाहीत. मी पोरसाहेबाचा दंड धरला आणि दातओठ खात म्हणालो, "निदान ओठाला लावा आणि सांडून टाका. एवढं तरी करा!"

"ते पण खोटंच," तो म्हणाला. मग त्याने मला विचारलं, "नाही प्यायलो तर मुलीचं लग्न मोडेल. नक्की?"

"नक्की."

"आणि प्यायलो तर मोठे साहेब मला परत पाठवतील."

"त्यांना कोण सांगणार आहे?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कीव केल्यासारखंही नाही. एवढं शिकलेल्या माणसाला इतकी साधी गोष्ट कळू नये याचं त्याला नवल वाटलं असावं. मग तो पडलेल्या खांबापाशी जाऊन मांडी घालून बसला. किती वेळ बसला सांगता येत नाही. सावल्या अंगणभर पसरल्या, बकरा ओरडून ओरडून थकला, कुणीही हललं नाही. त्याचे ओठ हलत होते. देवाशी बोलत होता की त्या मेलेल्या म्हाताऱ्याशी, ते मी कधी विचारलं नाही. शेवटी तो उठला, द्रोण दोन्ही हातांनी उचलला, खांबाच्या बुंध्याशी धार सोडली आणि म्हणाला, "बाबा, चूक माझी आहे." आणि मग द्रोण तोंडाला लावून त्याने तळाचा थेंबसुद्धा ठेवला नाही. अर्धं प्यालं तर अर्धी माफी, असा त्याचा हिशेब असणार. त्याला असा ठसका लागला की डोळे बाहेर येतात की काय वाटलं, आणि म्हातारीच धावत येऊन त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागली. तिने थापट्या मारल्या तेव्हा सगळा गोल हसला.

खांब त्याने हातांनी माती दाबून रोवला, व्याही शेजारी बसून दाबत होता. नंतर परतीच्या वाटेवर पोरसाहेब आपल्या भाषेतली भजनं इतक्या मोठ्याने म्हणत होता की तट्टूच जास्त शुद्धीवर आहे असं वाटावं. वेस्ता त्याला बगलेत धरून चालत होता, आणि मी साहेबाला मनातल्या मनात लाख शिव्या देत होतो, कारण पुढे काय होणार ते मला दिसत होतं.

तसंच झालं. बंगल्यावर पोचल्यावर त्याने अंगावरची धूळसुद्धा झटकली नाही, सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला. पुढच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळ्या मंडळींसमोर त्याला उभं केलं. मी बाहेर खिडकीपाशी होतो. आदल्या दिवशी मी त्याची अक्षरशः शिकवणी घेतली होती. मोठे साहेब विचारतील, तुला पश्चात्ताप होतो का? तुम्ही म्हणा, हो. बस्स. एका अक्षराचं काम आहे, साहेब, आमच्या मुलखात दिवसातून शंभरदा लोक ते म्हणतात. मोठ्या साहेबांनाही तेच हवं होतं. त्यांनी प्रश्न अगदी हळू, अगदी सोपा करून विचारला, लहान मुलाला घास भरवावा तसा.

पोरसाहेब मोठ्या साहेबांकडे वळला. मग म्हणाला, "शपथ मोडली, त्याचं मला फार दुःख आहे. प्यायलो, त्याचं नाही. पुन्हा तसंच घडलं तर मी पुन्हा पिईन."

एवढं शुद्ध मराठी वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला होता, आणि ते ऐकून मला रडू आलं.

तो गेला तेव्हा प्रकाशा गावापर्यंत बैलगाडीने, मग तापी ओलांडून नंदुरबार स्टेशनपर्यंत मी त्याला पोचवायला गेलो. वेस्ताही आला. पोरसाहेब त्याला म्हणाला, "लग्नाला मला यायचं होतं." गाडी सुटली आणि आमचं हे सुताराचं पोर, डोंगरातल्या शाळेसकट, सुरतेकडे निघून गेलं.

होळीनंतर मुलीचं लग्न झालं. मी जाऊन आलो आणि त्याला कळवावं म्हणून कागद घेऊन बसलो. मुलगी सुखात आहे, असं लिहिलं. ते खरं होतं. शेवटी आपल्याकडे लिहितात तसं लिहायला घेतलं, की मोठे साहेब आपल्याला आशीर्वाद सांगतात. त्यांनी काही सांगितलं नव्हतं. पत्रात सगळेच लिहितात, कुणी विचारायला जात नाही. पण या माणसाला तसं लिहायला माझा हात चालेना. मी टाक खाली ठेवला, भर उन्हात बंगल्यावर गेलो आणि मोठ्या साहेबांना विचारलं, "पोरसाहेबाला पत्र लिहितोय. तुमचा आशीर्वाद लिहू का?"

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लग्न झालं का त्या मुलीचं?"

"झालं."

"मग लिहा," ते म्हणाले. "आणि मास्तर, मी खरंच सांगितलाय असं लिहा."

मी घरी येऊन तसं लिहिलं.