मुलाखतीतला तिसरा आवाज

माझी ताई नर्स आहे. पनवेलच्या एका खाजगी इस्पितळात नऊ वर्षं झाली तिला. दोन वर्षांपूर्वी तिने जाहीर केलं की ती परदेशातल्या एका विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणार, तोही घरी बसून, लॅपटॉपवर. मानसिक आजारांची नर्स प्रॅक्टिशनर. म्हणजे अशी नर्स, जी तिकडे रुग्णाला तपासते, निदान करते, औषधंसुद्धा लिहून देते.

मी पहिलाच प्रश्न विचारला, "आणि इकडे?"

"इकडे नाही लिहिता येणार."

"मग कशाला?"

"शिकायला," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

माझा विश्वास बसला नाही. मी कॉलेजपासून एका संघटनेसाठी पत्रकं लिहिते. खाडीत सोडलेल्या सांडपाण्यावर लिहिली, कंत्राटी कामगारांवर लिहिली. गोड बोलून माहितीपत्रक हातात देणाऱ्याला आधी प्रश्न विचारायचा, एवढं त्या कामाने मला शिकवलं. या विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर हसऱ्या नर्सेसचे सहा फोटो होते, पण पदवी भारतात चालेल की नाही याबद्दल एक ओळ नव्हती. त्यातच महिन्याभराने ताईच्या कपाटात मला नवाकोरा पासपोर्ट दिसला. तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही. संशय मनात ठेवला आणि तो वाढू दिला.

प्रत्यक्ष रुग्णांचं काम ती इथल्याच एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांच्या हाताखाली करायची. ते ठीक चाललं होतं. अडलं ते मुलाखतीवर. एका माणसाशी वीस मिनिटं बोलायचं, त्याचं मन तपासायचं आणि ते सगळं रेकॉर्ड करून पाठवायचं. माणूस ओळखीचा चालेल, पण उत्तरं खरी हवीत. तीन संधी. तिसरी हुकली की अभ्यासक्रमातून बाहेर, दोन वर्षं पाण्यात.

पहिल्या वेळी तिने शेजारच्या काकीला बसवलं. ताईने विचारलं, "झोप कशी लागते?" काकी तोंड उघडणार एवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "तिला काय इचारतेस, मी सांगते! झोप नाय लागत तिला. सून आल्यापासून नाय लागत!"

काकी म्हणाली, "बघ, सांगितलं तुझ्या आयनं."

तिकडच्या परीक्षक बाईंनी लिहून पाठवलं: मुलाखतीत तिसरा आवाज आहे, तो कुणाचा? रुग्णाला एकटीला बोलू द्या.

मी भडकले. "यांना काय माहीत आपल्याकडे कोण एकटं असतं? इस्पितळात एका पेशंटमागे चार नातेवाईक येतात, आणि चौघेही त्याच्या आधी बोलतात!"

"तेच तर. पेशंटचं ऐकायचंच राहतं," ताई म्हणाली. मला वाटलं होतं ती माझी बाजू घेईल.

दुसऱ्या वेळी आईला देवळात पाठवलं, दार लावलं. रेकॉर्डिंग मीही पाहिलं. ताईने विचारलं, "जेवण जातं का?" काकी पदराशी खेळत राहिली. दोन सेकंद झाली असतील नसतील, ताई स्वतःच बोलली, "कमी झालंय ना? सकाळचं जात नाही, रात्री थोडं जातं, हो ना?" काकीने मान डोलावली. पुढची पंधरा मिनिटं तसंच. ताई विचारायची आणि ताईच सांगायची.

बाईंचा शेरा आला: या वेळी तिसरा आवाज तुमचाच आहे.

ताईने तो शेरा दोनदा वाचला. मग म्हणाली, "राउंडला डॉक्टरांकडे दोन मिनिटं असतात गं. पेशंट अडखळला की आम्हीच सांगतो. नऊ वर्षं तेच केलंय. चांगली नर्स म्हणतात त्यासाठी."

तिसऱ्या वेळी काकीने हात जोडले. "मी नाय बसायची आता. माझं काय तिला सगलंच म्हाईत हाय!" जागाही हवी होती, जिथे कुणी आत शिरणार नाही. मी म्हटलं, कळंबोलीत आमच्या संघटनेचा गाळा आहे, रविवारी बंद असतो. आणि काकीच्या जागी बसणार होते मी.

खरं सांगायचं तर मी मदतीसाठी गेले नव्हते. आतून बघायला गेले होते, हे नक्की काय चालतं ते. संमतिपत्राची अकराही कलमं वाचली. 'शैक्षणिक आणि इतर कारणांसाठी वापर' असं जिथे होतं, तिथे 'आणि इतर' खोडलं, बाजूला सही केली. 

नियम असा की मुलाखतीआधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची. ताई लॅपटॉप उचलून गोल फिरली आणि कोपऱ्यात थांबली. तिथे माझ्या नव्या पत्रकाचे गठ्ठे होते. शीर्षक मोठ्या टायपात: 'ऑनलाइन पदव्यांच्या दुकानदारांनो, उत्तर द्या!' त्याखाली ठळक ओळ: 'कॅमेऱ्यासमोर नर्स घडत नाही.' मी ते झाकायला विसरले होते. की विसरले नव्हते, मला आजही सांगता येत नाही.

ताईने उरलेली खोली दाखवली, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि सुरू केलं.

झोप, जेवण, काम. मी तुटक उत्तरं देत होते. मग तिने विचारलं, "घरात कुणाशी मनातलं बोलतेस?"

मी गप्प.

बाहेर एक ट्रेलर मागे येत होता, त्याची टीं टीं चालू होती. ताईचे ओठ हलले. 'माझ्याशी बोलतेस ना?' हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, मला दिसत होतं. तिने अंगठ्यात नख रोवलं आणि ओठ मिटले. ट्रेलर लागला, इंजिन बंद झालं. ती अजून थांबलेली. इतका वेळ आमच्या घरात माझ्या उत्तरासाठी कधी कुणी थांबलेलं नाही.

"ताईशी बोलायचे," मी म्हणाले. "आता नाही. तिने पासपोर्ट काढलाय आणि सांगितलेलं नाही. मला वाटतं ती निघून जाणार."

ताईच्या चेहऱ्यावर सगळं आलं. पण खुलासा करायला तिला मुभा नव्हती. एक शब्द बोलली असती तर तिसरी संधी गेली असती, आणि ते मलाही माहीत होतं. तिने श्वास घेतला.

"असं वाटायला लागलं की तू काय करतेस?"

"पत्रक लिहिते."

वीस मिनिटं संपली. तिने लॅपटॉप मिटला, एक पत्रक उचललं आणि उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. "प्रश्न बरोबर आहेत," ती म्हणाली. "पदवी इकडे चालेल का, रुग्णांसोबत करायच्या कामाच्या तासांची जबाबदारी कुणाची. मी हेच विचारलं होतं त्यांना, प्रवेश घ्यायच्या आधी. त्यांची उत्तरं आहेत माझ्याकडे, अर्धी गोलमोल. तू मला विचारलंच नाहीस."

तीन आठवड्यांनी शेरा आला. या वेळी दोनच आवाज होते, असं बाईंनी लिहिलं होतं. ताई पास झाली.

अभ्यासक्रमाबद्दलचं माझं मत त्याने बदललेलं नाही. सहा हसरे फोटो छापणाऱ्यांनी एक खरी ओळ छापायला हवी होती, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर म्हणेन. पत्रक मी वाटलं. फक्त वाटण्याआधी काळा मार्कर घेऊन बसले आणि प्रत्येक प्रतीवरची 'कॅमेऱ्यासमोर नर्स घडत नाही' ही ओळ खोडली. माझ्या डोळ्यांदेखत एक नर्स घडली होती, खोटी ओळ लोकांच्या हातात कशी देणार? एक गठ्ठा ताई घेऊन गेली, इस्पितळातल्या नर्सेसना द्यायला.

पासपोर्टचं मी तिला मुलाखतीच्या दिवशीच, बसने घरी जाताना सरळ विचारलं. "ठरलं नाही गं अजून," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ते अर्धं उत्तर होतं. उरलेलं अर्धं माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते बोलले नाही, थांबले.