कॉलबुकातली सही

मालूला नवऱ्याची सही हुबेहूब करता यायची, आणि ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. मालगाडीच्या गार्डाशी लग्न केलं की ही एक गोष्ट आपोआप शिकावी लागे.

सहदेव केणे मालगाडीचा गार्ड होता. गार्ड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा गणवेश आणि शिट्टी येते. तो पॅसेंजर गाडीचा गार्ड. त्याला वेळापत्रक असतं, तो लग्नाला येतो म्हणून सांगू शकतो. मालगाडीला वेळ नसते. कल्याणच्या यार्डात वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, जुळल्या, इंजिन मिळालं, पुढचा मार्ग मोकळा झाला, की कंट्रोलमधून फोन येतो. मग ज्याचा नंबर लागला असेल त्या गार्डाच्या दारी कॉलमन सायकल घेऊन येतो. त्याच्या बगलेत एक लांबट वही असते, कॉलबुक. त्यात गाडी आणि तिची सुटायची वेळ लिहिलेली असते. गार्डाने तिथे सही केली की दोन तासांत हजर व्हायचं. आदल्या ड्यूटीनंतरची विश्रांती पुरी झाली नसेल, बरं नसेल, तर नाही म्हणता येतं. पण ते सहीच्या आधी. सही झाल्यावर नाही म्हटलं तर कामाला नकार दिला असं धरतात.

हे ठाऊक असूनही बायका सह्या करत. गाडीच्या शेपटाला, ना दिवा ना पंखा अशा ब्रेकव्हॅनच्या डब्यात पंधरा-सोळा तास हादरे खाऊन माणूस घरी यायचा आणि आडवा व्हायचा. त्याला उठवून वहीसमोर बसवण्यापेक्षा आपणच पदराला हात पुसून सही केली, तर तेवढीच त्याला दहा मिनिटं झोप. मालू मूळची कोपरची, दहावी झालेली. ‘केणे’च्या शेवटच्या मात्रेला सहदेव एक उलटा फराटा मारायचा, तोही तिने उचलला होता. कॉलमन दामाजी बघून न बघितल्यासारखं करायचा.

एक्क्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी दुपारी तीनला, दामाजीची सायकल दाराशी थांबली.

“वहिनी, महाराज जागे आहेत का?”

“कुठले जागे? सकाळी सहाला आलेत. तुम्हाला दुसरं घर सापडत नाही का हो?”

“सापडतं की. दोघं आजारी म्हणून सिक. एक गावाला. आणि एकाच्या घरी बायको दार न उघडताच सांगते, ते बाहेर गेलेत. आतून घोरणं ऐकू येतंय! तुम्ही कशा नाही शिकलात हे?”

मालू हसली. दामाजीने वही पुढे केली, पण पेन हातातच ठेवलं.

“विश्रांती पुरी झालेली नाही त्यांची. नाही म्हणाले तर मी तसं लिहितो. उठवता का?”

तिने मागे वळून बघितलं. सहदेव भिंतीकडे तोंड करून झोपला होता. चादर डोक्यापर्यंत ओढलेली. एप्रिलचा महिना, वर तापलेला पत्रा, आणि माणूस चादर घेऊन झोपलेला. तिला वाटलं, उजेड लागत असेल. आणि सहदेवने आजवर कधी कॉलला नाही म्हटलं नव्हतं. आज तरी कशाला म्हणेल?

“द्या इकडे. झोपू दे बिचाऱ्यांना दहा मिनिटं.”

तिने सही केली. फराट्यासकट.

चहा ठेवून ती त्याला उठवायला गेली तेव्हा त्याच्या कपाळाचा हाताला चटका बसला. सहदेवने डोळे उघडले. लालबुंद होते.

“आज सिक करतो गं. सकाळपासून अंग मोडलंय. दामाजी आला तर सांग.”

“दामाजी येऊन गेले,” मालू म्हणाली. पुढचं तिला बोलावं लागलं नाही.

तो उठून भिंतीला टेकला. मग म्हणाला, “झाली ना सही? मग झालं. डबा भर.”

“मी धावत जाते, सांगते त्यांना...”

“काय सांगशील? सही माझी नाही म्हणून? त्या म्हाताऱ्याची दोन वर्षं राहिलीत नोकरीची. गोळी दे एक. गाडीत बसूनच तर राहायचंय.”

ती गोळी, अर्धा कप चहा, आणि भाजी नको नुसती भाकरी दे असं म्हणणं, एवढंच तिच्याकडे त्याचं शेवटचं राहिलं. रागावला असता तरी चाललं असतं. रागावला नाही.

पहाटे, खाडीकडच्या मार्गावर गाडीची डबे जोडणारी एक कपलिंग तुटली आणि गाडीचे दोन तुकडे झाले. अशा वेळी गार्डाने खाली उतरायचं असतं. मागून येणाऱ्या गाडीला इशारा मिळावा म्हणून रुळावर चाकाखाली वाजणारे फटाके लावत बरंच अंतर मागे चालत जायचं असतं. सहदेव गेला. त्याने पहिले फटाके नीट लावले होते, असं मागून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं. पुढच्या फटाक्यांपर्यंत तो पोचला नाही. वाटेतल्या छोट्या पुलावरून तो खाली पडला होता. सकाळी खाडीवरच्या कोळ्यांनी त्याला चिखलातून बाहेर काढलं.

तेराव्यानंतर दामाजी आला. सायकल त्याने लांब उभी केली होती.

“वहिनी, चौकशीला बोलावतील. वही दाखवतील. तुम्हाला काय खरं सांगायचं ते सांगा. माझं काय व्हायचं ते होवो.” तो जायला वळला आणि पुन्हा फिरला. “फक्त एक आहे. सही खोटी निघाली तर अनुकंपेच्या नोकरीचा कागद कुठे अडकेल, सांगता येत नाही. रतनचा विचार करा.”

रतन त्यांची एकुलती मुलगी, डोंबिवलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. वडिलांच्या जागी तिला नोकरी मिळायची होती.

चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडे तीन साहेब बसले होते. मधल्याने कॉलबुक तिच्याकडे फिरवलं आणि शाईच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“ही तुमच्या मिस्टरांचीच सही ना, बाई?”

प्रश्न सौम्यपणेच विचारला होता. मालूने फराट्याकडे बघितलं. तो सहदेवपेक्षा जरा जास्तच रुबाबदार आला होता. दाराशी दामाजी टोपी हातात धरून उभा होता. ‘माझी आहे’ हे दोन शब्द तिच्या तोंडाशी आले. ती ते बोलली असती तर सहदेव सुटला असता. तो झोपला होता, आजारी होता, त्याने काहीच कबूल केलं नव्हतं, असं कागदावर आलं असतं.

“हो,” ती म्हणाली. “त्यांचीच.”

दोन महिन्यांनी निकालाची प्रत आली. इंग्रजीतली. रतनने ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचली आणि आईला मराठीत सांगितली. विश्रांती अपुरी असताना गार्डाने स्वतःच्या सहीने कॉल स्वीकारला. प्रकृतीची तक्रार केली नाही. घडल्या गोष्टीची जबाबदारी त्याची स्वतःची.

रतनने कागद घडी करून खाली ठेवला.

“ताप होता त्यांना. तू सांगितलंस मला, ताप होता. मग सही का केली त्यांनी? एकदा नाही म्हणायचं होतं. एकदा! तुझा-माझा विचारच आला नाही का मनात?”

मालू तांदूळ निवडत होती. तिने एक खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

“बोल ना, आई.”

“काय बोलू?”

“मला त्यांच्या जागची नोकरी नको. मी करीन, पण तुझ्यासाठी करीन. त्यांचं नाव काढू नकोस माझ्यापुढे.”

मालूने ताट सरकवलं. आता सांगितलं तर पोरगी बापाला माफ करील आणि दुसऱ्या क्षणी त्याच कार्यालयात जाऊन निकाल बदलून मागेल. तिचा स्वभाव बापासारखा होता. मालूने ताट पुन्हा पुढे ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले. त्या दिवशी सहदेव दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळीही सही तिचीच होती.

रतन नोकरीला लागली. दोन वर्षांनी क्वार्टर सोडायची तारीख आली, तेव्हा मालू अंगणात सामान बांधत बसली होती. दामाजी निवृत्त झाला होता. नवा कॉलमन शेजारच्या दाराशी थांबला. तिथे सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली शालू राहायची. नवरा गार्ड. ती पिठाच्या हातांनी बाहेर आली, हात झटकले आणि पेन मागितलं.

मालू उठून कुंपणापाशी गेली.

“शालू, अगं, त्यांना उठव.”

“आत्ताच डोळा लागलाय हो, काकू.”

“लागू दे. हात लावून बघ आधी. उठव त्यांना.”

शालू हसली. “का? माझी सही वाईट येते की काय?”

मालूने कुंपणाची तार धरली. का, ते सांगायला एकच गोष्ट होती तिच्याकडे, आणि ती तिने तीन साहेबांना आणि पोटच्या मुलीला सांगितली नव्हती. रस्त्यावरून रतनने हाक मारली, “आई, टेम्पो आलाय.”

“झोपू दे बिचाऱ्यांना दहा मिनिटं,” शालू म्हणाली, आणि वहीवर वाकली.