अक्कांचे चौसष्ट जीबी

परवा रविवारी राजारामपुरीत आमच्या सासूबाईंनी एका दुकानदाराला अक्षरशः घाम फोडला... आणि मलाही.

सासूबाई म्हणजे अक्का, वय चौऱ्याहत्तर. रोज दुपारी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, सात-आठ बायकांना ग्रंथ वाचून दाखवायच्या, अर्थ समजावून सांगायच्या. सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं वाढलं आणि वाचन सुटलं.

तेव्हापासून दुपारचं बस्तीत जाणंही बंद. "वाचता येत न्हाय तर जाऊन काय करू?" एवढंच म्हणायच्या आणि खिडकीपाशी बसून राहायच्या. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून ठरवलं, मोठ्या बटणांचा छोटा ऑडिओ प्लेअर घ्यायचा आणि प्रवचनं भरून द्यायची. दुकानात दोनच होते... एक आठ जीबीचा, एक चौसष्टचा. मी अर्थातच चौसष्टवर बोट ठेवलं.

"माझ्यापुरतं किती लागंल?" अक्कांनी विचारलं.

दुकानदार चाचा भला माणूस, म्हणाले आठमध्येसुद्धा शंभर तास सहज बसतील. झालं, तिथंच माशी शिंकली! अक्कांचं अपरिग्रहाचं व्रत आहे... गरजेपुरतंच जवळ ठेवायचं. पातळंसुद्धा मोजून नऊ, दहावं आलं की एक कुणाला तरी देऊन टाकतात. त्या आठवरच अडून बसल्या.

"अहो अक्का, रिकामी जागा म्हणजे काय वस्तू आहे का?" मी वैतागले.

"व्हय? मग तिचं पैसं कशाला घेत्यात?"

कप्पाळ! दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली, माझं मात्र डोकं सणकलं. वाटलं, घ्या तुमचं आठ आणि चला घरी.

चाचा शांतपणे बटणं समजावून सांगत होते. सांगता सांगता त्यांनी सहज विचारलं, "अक्का, एकट्याच ऐकणार व्हय तुम्ही?"

अक्का प्लेअर हातात फिरवत राहिल्या... मग हळूच म्हणाल्या, "बस्तीत लावलं तर मागं बसलेल्या बाईला ऐकू जाईल?"

चाचांनी आवाज पूर्ण मोठा केला. रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

"आणि मधीच थांबवता येतंय? अर्थ सांगायला लागतोय की मला."

मी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. त्यांनी दोनदा थांबवून बघितलं, दोनदा चालू केलं.

"मग हे माझं न्हाय, बस्तीचं हाय. त्यातलं मोठं द्या."

अहो, चौसष्ट म्हणजे अक्का परत बस्तीत जाणार होत्या की! भर दुकानात रडू आलं मला... लाज वाटली, पण आलं.

काल दुपारी गेल्या. दर पाच मिनिटांनी प्रवचन थांबवायचं आणि स्वतः सांगायचं, असं दीड तास चाललं म्हणे. घसा बसवून घरी आल्या आणि आल्या आल्या हक्कानं चहा मागितला. सहा महिन्यांत असा मागितला नव्हता.

इतके दिवस आम्ही घरातले सगळे अक्कांना काय ऐकवायचं तेच शोधत बसलो होतो. अक्कांना कुणाला तरी सांगायचंय, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. चाचा, तुमचं भलं होवो...