दहा बोटांचं कार्ड

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये सगळ्यांकडे हॉस्पिटलचे नाहीतर कंपनीचे किस्से. माझ्याकडे बोटांचे! ऐंशीच्या दशकात मी एका इमिग्रेशन वकिलाकडे टायपिस्ट होते. परदेशात जन्मून अमेरिकेच्या सैन्यात लढलेली माणसं सिटिझनशिपसाठी यायची. त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नखांतली शाई दोन दिवसांत जायची, किस्से मात्र साचत गेले.

*

एक जमैकन गृहस्थ व्हिएतनामला जाऊन आलेले. पंधरा वर्षं स्वतःला अमेरिकन समजत होते. आई वारली म्हणून पासपोर्ट मागायला गेले, तेव्हा कळलं की नाहीत!

"अहो, भरती होताना हात वर करून शपथ घेतली होती की!"

बॉस म्हणाले, "ती या देशासाठी मरायची शपथ. इथे राहायची वेगळी असते."

मला काही हसू आलं नाही.

*

दुसऱ्या एकाच्या सर्व्हिस रेकॉर्डवर शेरा आला: 'लढाईत मृत्यू.' तो माझ्यासमोर बसून डोनट खात होता!

"काहीतरी घोळ झालाय," मी म्हटलं.

"बायकोला सांगू नका," तो म्हणाला. "तिला आधीपासूनच डाउट आहे."

*

एकाचे हात इतके गार, की शाई धरेना. "कोरियात गारठले, ते अजून परत आले नाहीत," म्हणाला. मी माझा वाफाळता चहा त्याच्या हातात दिला. दोन मिनिटांत ठसे झकास उठले. मग कप उचलला, तर आतल्या चहाचा बर्फ! घरी हे सांगायला लागले की आमचे हे म्हणायचे, "जेवताना नको यार!"

*

आणि फ्लोरेन्सियो. पासष्टीचे फिलिपिनो. महायुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढले आणि उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली. बायको मनिलात आजारी होती. ते सिटिझन झाले की तिला लगेच आणता येणार होतं, म्हणून सगळी घाई.

मी आठ ठसे घेतले, दोन रिकाम्या चौकटींत 'बोट नाही' असं टाइप केलं आणि कार्ड इमिग्रेशन ऑफिसला पाठवलं. सहा आठवड्यांनी ते परत आलं. अर्ज अडकला होता. कारण: 'बोटं आठ लिहिली आहेत, ठसे दहा आहेत.'

खरंच दहा होते! माझ्या टायपिंगवरच दोन स्पष्ट ठसे. बॉस माझ्याकडे बघायला लागले.

"आईशप्पथ, मी आठच घेतले!"

फ्लोरेन्सियोंना बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा लावून कार्ड बराच वेळ पाहिलं. त्या दोन जास्तीच्या ठशांपैकी तर्जनीच्या ठशावर एक तिरकी पांढरी रेघ होती.

"हे माझंच," ते म्हणाले. "लहानपणी नारळ सोलताना कापलं होतं."

मग कार्ड माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मॅडम, 'बोट नाही' तेवढं खोडून टाका. बायको वाट बघतेय."