गच्चीवरची मिरची

आमच्या वाचनालयात आले की ते खुर्चीवर बसण्याआधी खिडकीची काच पुसायचे. खिशातून घडी केलेला रुमाल काढायचा, काचेवर वर्तुळात फिरवायचा, एक डोळा मिटून बाहेर पाहायचं आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचं, "हं सर, आता बोला." बाहेर शहाद्याचा बाजाररस्ता, समोर कापडाचं दुकान आणि एक लिंबाचं झाड, यापलीकडे काही नव्हतं. तरी काच स्वच्छ लागायची. आयुष्यभर काचेआडून जग पाहिलेल्या माणसाची ही सवय होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ते वैमानिक होते. कळसाडीच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले, मोठ्या प्रवासी विमानांचे कॅप्टन. गावी सुट्टीवर आले की कोपऱ्यावरचे चहावाले काका त्यांना हटकून अडवायचे.

"कॅप्टन, इमानना टायर पंचर व्हयना ते वर कोन काढस?"

सगळे हसायचे. हे मात्र गंभीरपणे उत्तर द्यायचे, "वर टायर लागतच नही, काका. उतरताना लागस."

"मंग उतरताना पंचर व्हयना ते?"

"ते मी तुम्हले बलावसू."

माझी त्यांची ओळख लेखनामुळे झाली. वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं काम मी पाहायचो. एका वर्षी त्यांनी विमानोड्डाणावर एक लेख आणून दिला. अक्षर शाळकरी, वाक्यं लहान. रात्रीच्या आकाशातून गावांचे दिवे कसे दिसतात, पावसाळी ढगाला वळसा घालताना कॉकपिटमध्ये दोन माणसं किती कमी बोलतात, धावपट्टी पहिल्यांदा नजरेस पडते तेव्हा ती किती अरुंद दिसते, असं सगळं. मी शिक्षकी पेशाचा. मला तो लेख जरा कोरडा वाटला. "ढग होते" या त्यांच्या दोन शब्दांच्या जागी मी कापसाच्या शुभ्र राशी वगैरे लिहिलं.

प्रूफ पाहताना त्यांनी तेवढी ओळ खोडली.

"ढगाला कापूस नका म्हणू, सर. कापूस आमच्या शेतात होता. मी वेचलाय. ढग वेगळा असतो. आत शिरलं की पंख थरथरतात."

"अहो, पण वाचकाला चित्र दिसायला हवं."

"दिसलं तेवढंच लिहायचं," ते म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. फोटोंच्या बाबतीतही तसंच. कामावर असताना कॅमेरा बॅगेत बंद. हात कामात असताना डोळे दुसऱ्याला उसने द्यायचे नाहीत, असं म्हणायचे. फोटो काढायचे ते प्रवासी म्हणून, खिडकीशी बसून. कुठल्या वेळी कुठल्या बाजूची खिडकी घ्यायची याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असायचा. ढगावर पडलेली विमानाची सावली आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं गोल कडं, असा त्यांचा एक फोटो अजून वाचनालयाच्या भिंतीवर आहे. तुम्ही विमानात बसलात तर उन्हाच्या उलट्या बाजूला बसून पाहा. मी अजून पाहिलेलं नाही.

त्यांची आई कळसाडीलाच राहायची, कॅप्टनसाहेबांच्या धाकट्या बहिणीबरोबर. आपल्या भागात हिवाळ्यात मिरची वाळत घालतात, ती तुम्ही पाहिली असेल. नंदुरबारबाहेर व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या पसरतात तेव्हा शेतंच्या शेतं लाल होतात. घरोघरी वर्षाची मिरची गच्चीवर पडते. वाळली की बायका उचलून डब्यात भरतात. उन्हात जास्त राहिली तर तिचा रंग उडतो, ती फटकी होते, आणि फटक्या मिरचीला कुणी विचारत नाही.

त्यांची आई मिरची उचलायचीच नाही.

याचं कारण त्यांचा एक फोन. कधीतरी उतरल्यावर त्यांनी आईला सांगितलं होतं की आज आपल्या भागावरून गेलो, हवा स्वच्छ होती, खाली मिरची लाल दिसली. झालं. म्हातारीने धरलं की मुलाला आपलीच गच्ची दिसते. तेव्हापासून दर हिवाळ्यात मिरची पसरली की ती उन्हाळाभर तशीच. शेजारणी चेष्टा करायच्या.

"माय, मिरची फटकी व्हई गई. आते तरी उचल."

"राहू दे. त्याले घर कसं सापडी मंग?"

फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "दिखनी का रे मिरची?"

"हा माय, दिखनी."

घरात खायला मिरची ती दुकानातून विकत आणायची.

एकदा आम्ही वाचनालयात त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. सगळा बाजार लोटला. कापडवाले शेठजी प्रत्येक फोटोपुढे थांबून आपलं दुकान शोधत होते. बहिणीचा हात धरून आईही आली होती. तिने सगळे फोटो जवळून पाहिले. वाळवंटं, समुद्र, हिमशिखरं. मग भिंतीशी टेकून बसली आणि मला म्हणाली, "मास्तर, यामा मन्हं घर कोठे शे?"

मी म्हटलं, "घरावरून जातात तेव्हा ते कामावर असतात. कॅमेरा काढत नाहीत."

तिला ते पटलं. ती जरा पुढे सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही त्याले सांगा ना. माले एकदाव खिडकीपान बसनं शे. मन्ही मिरची वरतीन कशी दिखस ते पाहानं शे. दुसरं काही नको."

मी त्यांना सांगितलं. शेठजींनीही तिथेच टोकलं, "कॅप्टनसाहेब, सगळ्या दुनियेला फिरवता. माँजीला कधी नेणार?"

"पुढच्या हिवाळ्यात," ते म्हणाले. "हवा स्वच्छ असते."

पुढचा हिवाळा आला. मग त्यापुढचा. कधी आईचे गुडघे, कधी त्यांची ड्युटी, कधी धुकं. आईसाठी घेतलेलं नवं लुगडं बहिणीने पेटीत जपून ठेवलं होतं, विमानात नेसायचं म्हणून. आम्हाला त्यांचा थोडा रागही यायचा. एवढा हळवा माणूस, आणि एवढीशी गोष्ट याच्याने होत नाही?

आई गेली ती हिवाळ्यातच. गच्चीवर मिरची ताजी, लालभडक होती. लुगडं तिला शेवटी नेसवलं.

दहाव्याचे विधी प्रकाशा या गावी तापीकाठी झाले. मंडळी पांगल्यावर ते घाटाच्या पायरीवर बसून राहिले. मी शेजारी बसलो. त्या दिवशी रुमाल त्यांच्या मुठीत चुरगळलेला होता.

"सर, गच्ची दिसत नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"इतक्या उंचीवरून एका घराची गच्ची कशी दिसणार? तापी दिसते. हवा चांगली असली तर नंदुरबारच्या पथाऱ्या दिसतात, कुंकवाचं बोट टेकल्यासारख्या. मी पथाऱ्या म्हणालो होतो. तिला वाटलं, आपली. ती इतकी खूश झाली की मी हो म्हणालो. मग दर वेळी हो म्हणत राहिलो."

नदीपलीकडे कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं. ते तिकडे पाहत राहिले.

"तिला खिडकीशी बसवलं असतं तर तिने खाली वाकून पाहिलं असतं. शोधलं असतं. मग मला विचारलं असतं, कोठे शे रे? काय सांगणार होतो मी? म्हणून नेलं नाही. किती परक्या लोकांना नेलं, सर. तिला नाही नेलं."

मी म्हटलं, "तिने आनंदाने ढग पाहिले असते. गच्ची विसरली असती."

"हो. हे मला आता सुचतं."

निवृत्त झाल्यावर ते शहाद्यालाच राहायला आले. सगळ्या लेखांचं एक पुस्तक करायचं ठरलं. पहिला लेख आईच्या गच्चीवर असावा, अशी त्यांचीच इच्छा होती. ते रोज संध्याकाळी यायचे, काच पुसायचे आणि कोरा कागद पुढे घेऊन बसायचे. "वरून आमची गच्ची" इथवर लिहायचे आणि थांबायचे. एकदा मी म्हटलं, "लिहा हो थोडं मनाने. कोण तपासायला येणार आहे?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "दिसलं तेवढंच, सर. एकदा न दिसलेलं बोललो, तेवढं पुरे."

पुस्तक राहिलं ते राहिलंच. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचण्याआधीच सगळं संपलं. वाचनालयाची ती खिडकी आता मी उघडीच ठेवतो. पुसायला जीव होत नाही.

मागच्या महिन्यात त्यांचे काही फोटो परत द्यायला मी कळसाडीला गेलो. बहीण गच्चीवर होती. मला वरच बोलावलं. मिरची पसरलेली होती, वाळून खडखडीत झालेली, कडेची थोडी पांढरट पडू लागलेली. ती सूप घेऊन उचलायच्या बेतात होती. एवढ्यात आभाळात खूप वर, आवाज पोचणार नाही इतक्या वर, एक विमान पांढरी रेघ ओढत गेलं. आम्ही दोघांनी मान वर केली.

रेघ पुसट होईपर्यंत ती पाहत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तर, तुम्ही भाऊना दोस्त. खरं सांगा. भाऊले खरंच दिखे का हो आम्हनी मिरची?"

मला घाटाची पायरी आठवली. मुठीतला रुमाल आठवला. त्यांचं पालुपद तर जिभेवरच होतं.

"दिखे," मी म्हणालो.

तिने हातातलं सूप खाली ठेवलं, आणि वाकून एका जागी गोळा झालेली मिरची पुन्हा पसरून दिली.